आफ्रिकेचे पाखरू, अहमदाबादचे नाव



सहारा वाळवंटाच्या दक्षिणेस, आफ्रिकेच्या गवताळ माळांवर, जेमतेम दहा सेंटिमीटर लांबीचे एक पाखरू राहते. नराची भुवई तांबडी, पोट पिवळे-नारिंगी, कुशीवर पट्टे, चोच लाखेसारखी लाल. स्वतः घरटे विणण्यापेक्षा सुगरणीच्या कुळातल्या पक्ष्यांनी सोडलेल्या घरट्यात बिऱ्हाड थाटणे त्याला अधिक पसंत. शास्त्रातले त्याचे नाव 'अमंदवा सबफ्लावा'. सबफ्लावा म्हणजे पिवळसर. आणि अमंदवा म्हणजे चक्क अहमदाबाद!

हे कसे घडले? आपली लाल मुनिया पिंजऱ्यात बसून युरोपात जाई, आणि ज्या बाजारपेठेतून ती येते असे लोक म्हणत, त्या शहराचेच नाव तिला चिकटले. लिनियसने 1758 साली तिला 'फ्रिंजिला अमंदवा' म्हटले. फ्रिंजिला ही त्या काळची मोठी गोणी. जाड चोचीचे, दाणे टिपणारे जे दिसेल ते तिच्यात. 1819 साली व्हिएयो या फ्रेंच गृहस्थाने सेनेगलचे आपले पाखरू त्याच गोणीत टाकले.

मुनियेसाठी 'अमंदवा' हा स्वतंत्र वंश 1836 साली एडवर्ड ब्लाइथने काढला. हा लंडनजवळचा औषधविक्या. पाखरांच्या नादात दुकान बुडाले. हिंदुस्थान त्याने तोवर पाहिलाही नव्हता! 1841 साली तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात नोकरीस लागला आणि वीस वर्षे राबला. पगारवाढीसाठी अर्ज केले, वाढ मिळाली नाही. मी कामगार संघटनेतला माणूस. माझी नजर आधी पगारपत्रकावर जाते, त्याला इलाज नाही.

आफ्रिकेच्या पाखराची मात्र खात्याखात्यांतून बदली होत राहिली. विसाव्या शतकात कित्येकांनी त्याला 'एस्ट्रिल्डा' वंशात बसविले. आता ते मुनियेचे भावंड म्हणून 'अमंदवा'त आहे. पण नोंद अशी करतात: अमंदवा सबफ्लावा (व्हिएयो, 1819). तो कंस शोभेचा नाही. पहिले नाव ज्याने दिले त्याने जाती दुसऱ्या वंशात ठेवली होती, एवढे तो सांगतो. खाते बदलले तरी पहिल्याची हजेरी खोडलेली नाही. हा नियम मला फार आवडला.

या वंशात आज तीनच जाती आहेत. तिसरी आपली हिरवी मुनिया, केवळ भारतीय उपखंडातली. पिंजऱ्याच्या बाजारापायी पारधी अजूनही तिच्यावर जाळे टाकतात.