बापाची शाळा

आयर्लंडमध्ये ट्रॅव्हलर नावाचा एक समाज आहे. २०२२ च्या जनगणनेत तो ३२,९४९ इतका भरला. माणसे आयरिशच, धर्माने बहुतेक कॅथलिक. पण बोली वेगळी आणि बिऱ्हाड चाकावर. पत्र्याची भांडी घडवायची, गळक्या भांड्यांना डाख द्यायचा, घोड्यांचे सौदे करायचे, हंगामात शेतावर राबायचे. आपल्याकडची पालावरची मंडळी तुमच्या डोळ्यांसमोर आली असतील. ती तुलना आज नको, पुष्कळ गुंतागुंतीची आहे.

प्लॅस्टिकची बादली आली आणि डाख देणाऱ्याचे काम गेले. मंडळी शहरांच्या कडेला येऊन थांबली, तेव्हा सरकारला ती दिसू लागली. १९६३ साली एका आयोगाचा अहवाल आला. आयोगावर ट्रॅव्हलर एकही नव्हता. या लोकांना इतर समाजात मिसळून टाकावे, असा त्याचा एकूण रोख होता.

त्याच दशकात, १९६७ पासून, आयर्लंडमध्ये माध्यमिक शिक्षण मोफत झाले. गरिबांची मुले हायस्कुलात जाऊ लागली. ट्रॅव्हलरांच्या मुलांसाठी मात्र प्राथमिक शाळेत वेगळे वर्ग निघाले. शाळेत आल्याबरोबर आपल्याला अंघोळ घातली जाई, अशा आठवणी त्या पिढीतले लोक सांगतात. या मुलांना पुढे हायस्कुलात जायचे असेल, हा विचारच त्या योजनेत फारसा नव्हता, असे मला वाटते.

१९८० मध्ये एक चांगली गोष्ट झाली. फिरते शिक्षक नेमले गेले. हे शिक्षक तळावर जात, आईबापांशी बोलत, आणि प्राथमिकमधून माध्यमिकमध्ये जाताना मूल गळू नये म्हणून दोन्ही शाळांमध्ये दुवा होत. ज्या घरात कोणी हायस्कूल पाहिलेलेच नाही, तिथे प्रवेशाचा अर्ज कुठे द्यायचा इथपासून अडचण असते. आर्थिक काटकसरीत २०११ साली ही सेवाच बंद केली गेली. त्याच वर्षीच्या जनगणनेवरून काढलेला आकडा ऐका. २५ ते ६४ वयाच्या ट्रॅव्हलरांपैकी शालान्त परीक्षेपर्यंत पोहोचलेले अवघे ८ टक्के. इतरांत ७३ टक्के.

तरीही आता एका मुलाची हकिगत सांगतो. २०१० च्या प्रवेशासाठी क्लॉनमेल गावातल्या एका माध्यमिक शाळेत त्याने अर्ज केला. जागा १४०, अर्ज १७४. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना आणि आधीच शाळेत असलेल्यांच्या भावांना प्राधान्य होते. हा घरात थोरला, आणि वडिलांनी माध्यमिक शाळेची पायरी चढलेली नव्हती. साहजिकच त्याचे नाव उरलेल्यांच्या चिठ्ठ्यांत गेले, आणि चिठ्ठी निघाली नाही. नियमात ट्रॅव्हलर हा शब्दही नव्हता! बापाला जे मिळाले नाही, तेच मुलाच्या आड आले. समता न्यायाधिकरणाने त्याच वर्षी मुलाच्या बाजूने कौल दिला; वरच्या न्यायालयांत तो टिकला नाही, आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अपील फेटाळले. तोवर मुलाचे हायस्कुलाचे वय जवळजवळ सरले होते.

१ मार्च २०१७ रोजी पंतप्रधान एन्डा केनी यांनी संसदेत ट्रॅव्हलर हा स्वतंत्र वांशिक समाज असल्याची मान्यता जाहीर केली. पुढच्या वर्षी शाळाप्रवेशाचा नवा कायदा झाला. माजी विद्यार्थ्यांच्या मुलानातवंडांसाठीचे प्राधान्य त्याने काढून टाकले नाही. फार तर २५ टक्के जागांपुरते आवळले.