पवनेकाठचे चिंचवड

लोणावळ्याहून पुण्याला जाणारी लोकल चिंचवडला थांबते. उतरणाऱ्यांची ती रेटारेटी पाहून, हे एके काळी नदीकाठचे लहानसे गाव होते, असे कुणाच्या मनातही येत नाही.

पवनेच्या तीरी मोरया गोसावींनी समाधी घेतली आणि गाव नावारूपाला आले. भाद्रपदात आणि माघात येथून मोरगावला पालखी जाते. चापेकर बंधूही याच गावचे. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली आणि १८९८-९९ साली दामोदर, वासुदेव, बाळकृष्ण हे तिघेही फासावर चढले. एका मातेचे तीन पुत्र!

पुढे यंत्रयुग आले. १९५४ साली शेजारच्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. मागोमाग इतर कारखाने आले, आणि भाकरीच्या शोधात गावोगावची माणसे आली. १९७० साली पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. आज गणपतीच्या मांडवात खानदेश, विदर्भ, मराठवाडा एकाच रांगेत आरतीला उभे राहतात.

पण पवनामाईचे काय? दिवाळीचे अभ्यंगस्नान शहर तिच्याच पाण्याने करते, आणि सांडपाणीही तिच्याच पदरात टाकते. पावसाळ्यात ती फुगली की समाधिमंदिरात शिरते. नदी देवाच्या भेटीला आली, असे भाविक म्हणतात. खुशाल म्हणावे! मात्र वाचकहो, भेटीला निघालेल्या माउलीला मळक्या लुगड्यात पाठवणे लेकरांना शोभते का?