कळ कोणाची, हुकूम कोणाचा? लिनक्स डेस्कटॉपवरील लाँचर आणि शॉर्टकट यांचा इतिहास

१/ संगणकाची एखादी कळ दाबली असता काय घडावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा? यंत्र घडवणाऱ्याचा, प्रोग्राम लिहिणाऱ्याचा, की पडद्यासमोर बसलेल्या माणसाचा? लिनक्स डेस्कटॉपचा इतिहास बऱ्याच अंशी या प्रश्नाभोवती फिरत आला आहे.

२/ आरंभ लिनक्सच्या जन्माआधीचा. १९८४ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत बॉब शाइफलर आणि जिम गेटीस यांनी 'एक्स' ही विंडो प्रणाली उभारली. साधने पुरवावीत, धोरण लादू नये, हे तिचे तत्त्व. पडद्यावर विंडो दाखवणे एवढेच एक्सचे काम. तिची चौकट कशी असावी, ती कोणत्या कळीने मिटावी, हे 'विंडो मॅनेजर' नावाच्या वेगळ्या प्रोग्रामकडे सोपवलेले होते.

३/ १९८७ मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी 'टीडब्ल्यूएम' हा विंडो मॅनेजर लिहिला. त्याची सारी व्यवस्था एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असे. कोणत्या कळीने कोणती आज्ञा चालावी, मेन्यूत काय दिसावे, हे ज्याचे त्याने त्या फाइलमध्ये लिहावे. १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी त्यातूनच कमी मेमरीत चालणारा 'एफव्हीडब्ल्यूएम' घडवला आणि आरंभीच्या लिनक्स वापरकर्त्यांत तो लोकप्रिय झाला.

४/ या स्वातंत्र्याची किंमतही होती. प्रत्येक प्रोग्रामचे बटण निराळे, मेन्यू निराळा, कळा निराळ्या. सामान्य माणसाने शिकावे तरी काय? जर्मनीतील ट्युबिंगेन येथील विद्यार्थी मॅथियास एट्रिख यांनी १४ ऑक्टोबर १९९६ रोजी या विस्कळीतपणावर बोट ठेवून 'केडीई' प्रकल्पाची घोषणा केली.

५/ केडीईचा पाया असलेल्या 'क्यूटी' या संचाचा परवाना तेव्हा पूर्णतः मुक्त नव्हता. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकासा आणि फेदेरिको मेना यांनी 'ग्नोम' सुरू केला. आता दोन डेस्कटॉप झाले आणि नवा पेच उभा राहिला: प्रोग्राम लिहिणाऱ्याने लाँचर कोणासाठी बनवावा?

६/ २००० साली हॅवॉक पेनिंग्टन यांनी 'फ्रीडेस्कटॉप' हे सामायिक व्यासपीठ स्थापन केले. तेथे लाँचरच्या फाइलचे एकच स्वरूप ठरले. नाव, चिन्ह आणि चालवायची आज्ञा अशा मोजक्या ओळी, आणि फाइलच्या नावाअखेर 'डॉट डेस्कटॉप'. मराठी नावासाठीही त्याच फाइलमध्ये 'एमआर' या भाषाखुणेची स्वतंत्र ओळ लिहिता येते.

७/ या व्यवस्थेतील सर्वांत अर्थपूर्ण नियम अग्रक्रमाचा आहे. प्रणालीने बसवलेली लाँचर फाइल स्वतःच्या होम फोल्डरमधील ठरावीक जागी त्याच नावाने ठेवून बदलली, तर वापरकर्त्याचीच प्रत मानली जाते. ती काढून टाकली की मूळ फाइल पुन्हा लागू होते. मूळ फाइलला धक्का न लावता स्वतःचा हुकूम चालवण्याची ही सोय आहे.

८/ कळांचा इतिहास त्याहून जुना. विंडोजचे चिन्ह असलेल्या कळीला लिनक्समध्ये 'सुपर' म्हणतात. हे नाव १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातील एमआयटीच्या 'स्पेस-कॅडेट' कीबोर्डवरून आले. मायक्रोसॉफ्टची विंडोज कळ आली ती १९९४ साली. जुन्या नावाला अशा रीतीने नवे शरीर लाभले.

९/ कंट्रोल-सी या जोडीत तर दोन परंपरांची टक्कर आहे. युनिक्स टर्मिनलमध्ये तिचा अर्थ चालू प्रोग्राम थांबवणे. दुसरीकडे, ॲपलच्या लिसा संगणकावर काम करताना लॅरी टेस्लर यांनी कट, कॉपी आणि पेस्टसाठी एक्स, सी, व्ही ही अक्षरे रूढ केली. म्हणूनच आज लिनक्सच्या बहुतेक टर्मिनल-विंडोंत कॉपी करताना शिफ्टही दाबावी लागते.

१०/ खरा संघर्ष २०११ मध्ये पेटला. एप्रिलमध्ये ग्नोम ३ आला आणि पॅनलवर हवे ते लाँचर मांडण्याची जुनी सोय गेली. त्याच महिन्यात उबुंटूने 'युनिटी' स्वीकारला. त्याची लाँचर-पट्टी डाव्या कडेला जखडलेली होती. ती तळाशी नेण्याची अधिकृत मुभा मिळायला २०१६ साल उजाडले.

११/ नाराजी मोठी होती. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनीही ग्नोम ३ वर जाहीर टीका करून एक्सएफसीईचा आश्रय घेतला. काहींनी ग्नोम २ चीच संहिता घेऊन 'माटे' चालू ठेवला. लिनक्स मिंटने 'सिनॅमन' घडवला. संहिता मुक्त असल्यामुळे असंतोषाला तक्रारीवर थांबावे लागले नाही.

१२/ अखेरचा पेच सुरक्षेचा. एक्सवर कोणताही प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ ऐकू शकत असे. शॉर्टकटची साधने त्यामुळे सहज बनत, आणि पासवर्ड चोरणारी साधनेही. क्रिस्टियान ह्योग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'वेलँड'ने ते दार बंद केले. आता कळ साधारणतः समोरच्या विंडोलाच पोहोचते. परिणामी शॉर्टकटची अनेक जुनी साधने निकामी झाली आणि परवानगी मागून शॉर्टकट नोंदवण्याचा नवा मार्ग घडवावा लागला.

१३/ एक्सने धोरण वापरकर्त्यावर सोडले, केडीई आणि ग्नोम यांनी त्यात शिस्त आणली, वेलँडने पहारा बसवला. प्रत्येक टप्प्यावर सोय, स्वातंत्र्य आणि सुरक्षा यांपैकी कशाला तरी मुरड घालावी लागली. सेटिंग्जमध्ये एखादा शॉर्टकट बदलणारा आजचा विद्यार्थी १९८७ च्या त्या साध्या फाइलचाच वारसा चालवत असतो.