पेटंटच्या वकिलाचा इतिहास कुठे सापडतो?

माझा विषय पेटंटचे खटले लढवणाऱ्या वकिलांच्या व्यवसायाचा इतिहास. कळमेश्वरात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मग तू वकील होणार का?" नाही हो, मी फक्त त्यांचे कागद वाचतो.

सुरुवातीला मी या वकिलांची चरित्रं शोधत बसलो आणि दोन महिने गेले. मग लक्षात आलं की आधी कायद्याच्या तारखा बघायला हव्यात. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांचा अहवाल १९५९ चा. त्यावर आधारलेला १९७० चा पेटंट कायदा २० एप्रिल १९७२ ला लागू झाला आणि औषधाच्या पदार्थावरचं पेटंट बंद झालं. पेटंट मिळायचं ते फक्त बनवण्याच्या पद्धतीला, तेही जास्तीत जास्त ७ वर्षं. म्हणजे औषधांवर भांडणाऱ्या वकिलाला फारसं कामच उरलं नाही! पदार्थाचं पेटंट परत आलं १ जानेवारी २००५ पासून. आज आपण ज्याला औषध-पेटंटची वकिली म्हणतो, ती खऱ्या अर्थाने त्यानंतरची. मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्सचे मोठे दावेही साधारण याच काळातले. एरिक्सनने मायक्रोमॅक्सवर दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो २०१३ मध्ये. तिथे मुख्य भांडण रॉयल्टीचं, दोन कंपन्यांमधलं. औषधात मात्र तिसरा माणूस असतो, रुग्ण.

आता मुंबईचं प्रकरण बघा. बायरचं सोराफेनिब हे मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरचं औषध. महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटकोने आधी बायरकडेच परवाना मागितला. तो मिळाला नाही, म्हणून जुलै २०११ मध्ये कलम ८४ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. किंमत सांगितली ८,८०० रुपये. ९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी परवाना दिला, ६ टक्के रॉयल्टीवर.

वर्तमानपत्रं वाचून मी आराखड्यात लिहून टाकलं : 'भारतात उत्पादन न केल्यामुळे परवाना गेला.' मार्गदर्शकांनी एवढंच विचारलं, "शेवटचा निकाल वाचलास?" नव्हता वाचला. नियंत्रकांनी उत्पादनाचा मुद्दा खरोखरच बायरच्या विरुद्ध धरला होता. पण अपील मंडळाने मार्च २०१३ मध्ये परवाना कायम ठेवून रॉयल्टी ७ टक्के केली आणि सांगितलं की काही परिस्थितीत आयातही पुरेशी ठरू शकते. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१४ मध्ये हीच दिशा धरली. परवाना टिकला तो पुरवठा आणि किंमत या मुद्द्यांवर. माझं अख्खं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं, ते पाडून पुन्हा लिहावं लागलं.

आणि वकील? ते निकालातच असतात. कोणत्या पक्षातर्फे कोण उभं राहिलं हे तिथे छापलेलं असतं, कोणाचा कोणता युक्तिवाद हे पुढच्या परिच्छेदांत. नोव्हार्टिसच्या ग्लिवेक प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, १ एप्रिल २०१३) आनंद ग्रोव्हर कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनतर्फे लढले. एखाद्याचे दहा निकाल तारखेप्रमाणे लावा, त्याची कारकीर्द समोर येते. मुलाखतीत तो जिंकलेलंच सांगेल. निकालात फेटाळलेले मुद्देही असतात.

नागपूर विभागातल्यांसाठी एक सोय सांगून ठेवतो. पेटंट माहिती प्रणाली १९८० पासून नागपुरात आहे आणि राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थाही तिथेच. मुंबईचं तिकीट काढायच्या आधी तिकडे चौकशी करा.

सध्या माझ्या टेबलावर बीडीआर कंपनीचा डॅसाटिनिबसाठीचा अर्ज आहे, २०१३ मध्ये फेटाळलेला. औषध तेही कर्करोगाचंच. पण आधी पेटंटधारकाकडे परवाना मागण्याचा प्रयत्न मनापासून झाला नाही, असं नियंत्रकांना वाटलं. नॅटकोची बाजू जिथे भक्कम होती, नेमकी तिथेच बीडीआरची गाडी अडली. त्यामुळे आता मी युक्तिवाद बाजूला ठेवून अर्जाआधीची पत्रं वाचतोय.