उजळणी आणि परीक्षा : एका जुन्या गल्लतीची गोष्ट

जानेवारी महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातल्या माध्यमिक शाळेत जावे. शिवारात ज्वारी हुरड्यावर आलेली असते, कापसाची शेवटची वेचणी चालू असते. दहावीच्या वर्गात मात्र परीक्षेचा विषय निघाला की मुले गप्प होतात. आमचे संशोधन मातीवरचे; पण विज्ञान प्रदर्शनांच्या निमित्ताने शाळांतून जाणे होते. अशाच एका वर्गात आम्ही विचारले, ''अभ्यास करता म्हणजे नेमके काय करता?'' उत्तर आले, ''वाचतो, सर.'' ''मग?'' ''पुन्हा वाचतो.'' मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ''घरी सगळं येतं. पेपर हातात आला की काहीच आठवत नाही.''

या मुलीचे वाक्य आम्ही बरोबर घेऊन आलो. ती आळशी नव्हती, तिला बुद्धी कमी होती असेही नाही. तिची अडचण समजून घ्यायला थोडे इतिहासात जावे लागते. 'परीक्षा' या एकाच शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत. एक म्हणजे मुलांना निवडणारी चाळणी. दुसरी म्हणजे आपल्याला काय येते हे स्वतःला विचारून पाहण्याची रीत. पहिलीने ताण वाढतो. दुसरीने शिकणे पक्के होते आणि ताण हलका होतो. दोन्हींचा इतिहास वेगळा आहे.

चाळणीचा इतिहास

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ सालची. त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. पुढे मॅट्रिक ही कॉलेजच्या दाराची किल्ली तर झालीच, शिवाय सरकारी नोकरीसाठीही तिचा दाखला लागू लागला. एका परीक्षेवर सारे आयुष्य टांगले गेले, ते तेव्हापासून.

याचा त्रास पहिल्यांदा मोजायचा प्रयत्न करणाऱ्यांत खुद्द रानडेच होते, हे फारसे सांगितले जात नाही. आपल्या विद्यापीठाचे पदवीधर तरुणपणीच का मरतात, हा प्रश्न त्यांनी १८९४ मधील एका भाषणात हाती घेतला. त्यांनी नुसती हळहळ केली नाही, मृत्यूंचे आकडे मांडले. कारणांची चर्चा करताना परीक्षांच्या भाराकडेही त्यांनी बोट दाखवले. म्हणजे विद्यार्थ्यांवरचा ताण हा आजच्या पिढीचा नाजूकपणा नव्हे. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका न्यायाधीशाला तो चिंतेचा विषय वाटला होता.

परभणीची वाट आणखी खडतर होती. हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमातून सुरू झाले, आणि मराठवाड्यातल्या सरकारी शाळांत वरच्या वर्गांची भाषाही उर्दूच होती. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला भूगोल आणि गणित परक्या भाषेत शिकावे लागे. अर्थ कळत नसला की शब्द घोकण्यावाचून गत्यंतर नसते. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६६ मध्ये राज्याचे माध्यमिक शिक्षण मंडळ स्थापन झाले, आणि १९७५ मध्ये अकरावीच्या मॅट्रिकच्या जागी दहावीची परीक्षा आली. भाषा बदलली, मंडळ बदलले, इयत्ताही बदलली. वर्षाच्या शेवटी काही दिवसांत सगळे ठरायचे, हे मात्र तसेच राहिले. त्याबरोबर अभ्यासाची एक सवयही रुजली : वर्षभर थोडेफार, आणि शेवटच्या महिन्यात रात्री जागून सारे.

स्वतःवरच प्रयोग

नेमक्या याच काळात, तिकडे जर्मनीत हेर्मान एबिंगहाऊस नावाचा एक संशोधक वेगळेच काही करत होता. माणूस विसरतो कसा हे त्याला मोजायचे होते. त्याने अर्थ नसलेले सुमारे तेवीसशे अक्षरगट तयार केले आणि त्यांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तोही तोच. काही काळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला किती कमी वेळ लागतो, ही त्याची मोजपट्टी. वीस मिनिटांनी ही बचत ५८ टक्के होती, एका दिवसाने ३४ टक्के आणि एका महिन्याने २१ टक्के. म्हणजे विसरण्याची उतरण सुरुवातीलाच सर्वांत तीव्र असते. हे निष्कर्ष १८८५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याच ग्रंथात शिक्षकांच्या कामाची आणखी एक नोंद आहे. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जो परिणाम मिळाला, जवळपास तोच परिणाम तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांनी मिळाला. आपल्या काळ्या जमिनीत काम करणाऱ्याला हे पटायला वेळ लागत नाही. हंगामाचे सारे पाणी एका दिवसात सोडले तर बरेचसे वाहून जाते आणि उरलेल्याने पीक पिवळे पडते. तेच पाणी पाळ्यांनी दिले तर मुळांना लागते.

रात्रीच्या जागरणाबद्दलही एक जुना प्रयोग आहे. १९२४ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांना असे आढळले, की पाठ केल्यावर झोपलेल्या माणसाला तितकाच वेळ जागे राहिलेल्या माणसापेक्षा अधिक आठवते. झोप हा अभ्यासातून चोरलेला वेळ नाही, तो अभ्यासाचाच भाग आहे.

भुईमुगाचा धडा

पाळ्या ठरल्या, पण प्रत्येक पाळीत करायचे काय? पुन्हा वाचायचे? १९१७ मध्ये आर्थर गेट्स यांनी शाळकरी मुलांवर प्रयोग केले. काही मुलांनी सारा वेळ वाचण्यात घालवला. काहींनी थोडे वाचून उरलेल्या वेळात पुस्तकाकडे न पाहता आठवून म्हणून पाहिले. ज्यांनी अर्ध्याहून अधिक वेळ आठवण्यात घालवला, त्यांच्या लक्षात अधिक राहिले.

१९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झर यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. आयोवा या अमेरिकेतल्या शेतीप्रधान राज्यातील ९१ शाळांमधली सहावीची ३,६०५ मुले त्यांनी घेतली. त्यांना वाचायला दिलेल्या धड्यांतला एक भुईमुगावर होता आणि एक बांबूवर. काही मुलांना वाचल्यावर लगेच प्रश्न विचारले, काहींना काही दिवसांनी. ज्यांना लगेच विचारले, ती मुले पुढच्या आठवड्यांत पुष्कळच कमी विसरली. विचारणे हे केवळ मोजणे नव्हते, ते शिकवणेही होते.

तरीही वाचण्याची सवय सुटत नाही, याचे कारण २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले. एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्याने एका सत्रात वाचला आणि तीन सत्रांत आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने तपासले तेव्हा चित्र उलटले : ४० टक्के विरुद्ध ६१. आपल्याला अधिक लक्षात राहील अशी खात्री मात्र वाचणाऱ्यांनाच जास्त होती. मागच्या बाकावरच्या मुलीचे कोडे इथे सुटते. पान ओळखीचे वाटणे आणि पान मिटून आठवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी तिला पान ओळखता येत होते. आठवण्याची पहिली वेळ तिच्यावर परीक्षेच्या दालनातच येत होती.

आपल्या घरातला परवचा

हे सारे आपल्याला अगदी नवे आहे का? दिवेलागणीला देवापुढे बसून मुले पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे म्हणत. त्याला परवचा म्हणत. हातात पुस्तक नसे. रोज थोडे, पाठ्याशिवाय, मोठ्याने आणि गुणांशिवाय. एबिंगहाऊस आणि गेट्स या दोघांचे म्हणणे त्यात होते. त्याचा दोष एवढाच, की अर्थ विचारण्याला त्यात जागा नव्हती. आपण सुधारणा करताना घोकंपट्टीला हाकलले ते योग्यच केले. पण त्याबरोबर रोजची उजळणीही गेली आणि वार्षिक परीक्षेची भीती मात्र घरात राहिली.

भीतीचे मोजमाप

परीक्षेच्या भीतीचा पद्धतशीर अभ्यास १९५२ मध्ये मँडलर आणि सारासन यांच्या प्रश्नावलीपासून सुरू झाला. १९६७ मध्ये लिबर्ट आणि मॉरिस यांनी या भीतीचे दोन भाग केले : छातीची धडधड, घाम वगैरे एक, आणि 'मी नापास झालो तर' ही मनातली काळजी दुसरी. गुणांवर अधिक परिणाम होतो तो काळजीचा. ती डोक्यातली जागा अडवते. मुलाला 'घाबरू नको' म्हणून ही जागा मोकळी होत नाही.

मग कशाने होते? २०१४ मध्ये पूजा अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी वर्गात नियमित छोट्या प्रश्नांचा सराव केलेल्या १,४०८ विद्यार्थ्यांना विचारले. त्यांतल्या ७२ टक्क्यांनी सांगितले, की या सरावामुळे परीक्षेची धास्ती कमी झाली. २०१६ मध्ये टफ्ट्स विद्यापीठातल्या प्रयोगात १२० जणांनी काही शब्द व चित्रे लक्षात ठेवली, काहींनी पुन्हा पाहून, काहींनी आठवून. दुसऱ्या दिवशी त्यातल्या काहींना परीक्षकांसमोर अचानक भाषण करायला आणि गणिते सोडवायला लावून ताण दिला. पुन्हा पाहणाऱ्यांची स्मृती ताणाखाली ढासळली, आठवणाऱ्यांची टिकली.

यातून सारी भीती जाईल, असे आम्ही म्हणणार नाही. दुष्काळात कर्ज फेडणाऱ्या घरातले मूल केवळ विसरण्याला घाबरत नाही. चाळणी मोठी आहे आणि तिच्या पलीकडच्या जागा थोड्या आहेत. हे शिक्षकाच्या हातात नाही. झोप उडालेले, जेवण तुटलेले किंवा जगण्याला कंटाळल्याचे बोलणारे मूल दिसले तर अभ्यासाचे तंत्र बाजूला ठेवावे, पालकांशी बोलावे, डॉक्टरांकडे न्यावे. १४४१६ हा टेलिमानसचा मोफत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

पण पन्नास मिनिटांच्या तासातली पाच मिनिटे शिक्षकाच्या हातात आहेत. तास सुरू होताच वह्या मिटायला सांगाव्यात आणि तीन प्रश्न विचारावेत : एक कालच्या धड्यातला, एक गेल्या आठवड्यातला, एक गेल्या महिन्यातला. उत्तरे मुलांनी मागच्या पानावर लिहावीत, स्वतःच तपासावीत. गुण नोंदवू नयेत, क्रमांक लावू नयेत, चुकले तर हसू नये. पाठ आहे का, एवढेच विचारू नये. 'असे का होते?' हेही विचारावे. वेचणीच्या दिवसांत ज्या मुलांना घरी तासभर बसता येत नाही, त्यांनाही शेतावर जाता-येता पान न उघडता काल शिकलेले मनात मांडून पाहता येते. त्याला दिवा लागत नाही, शिकवणीची फीही लागत नाही.

निघताना आम्ही त्या मुलीला वही मिटून 'प्रकाशाचे अपवर्तन' आठवून लिहायला सांगितले. चार ओळी लिहून ती थांबली. ''एवढंच येतं,'' ती म्हणाली. हे तिला जानेवारीत कळले, मार्चमध्ये नव्हे. दोन महिने हातात होते.