'स्टार्व्ह' : मरणातून भुकेकडे

दुष्काळाचे जुने इंग्रजी अहवाल वाचताना शब्दकोश मांडीवर ठेवावा लागतो. माझं इंग्रजी शाळेपुरतंच. 'स्टार्व्ह'साठी मात्र तो उघडावा असं कधी वाटलं नव्हतं. उपाशी राहणे, एवढं ठाऊक होतं. एकदा सहज व्युत्पत्ती पाहिली आणि थबकलो. मूळ अर्थात भूक नाहीच.

जुन्या इंग्रजीत 'स्टेओर्फान' म्हणजे नुसतं मरणे. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'श्टेर्बेन' आजही तेवढंच सांगतो. चौदाव्या शतकातला कवी चॉसर ख्रिस्ताच्या क्रुसावरील मृत्यूसाठी हेच क्रियापद वापरतो. तिथे उपासाचा काय संबंध? पुढे मरणासाठी 'डाय' रुळला आणि 'स्टार्व्ह'कडे मरणाचे एकदोन प्रकार उरले : भुकेने मरणं, आणि उत्तर इंग्लंडात थंडीने. यॉर्कशरच्या बोलीत 'स्टार्व्ह्ड' म्हणजे गारठलेला. हळूहळू मरणही गळालं. जेवणाला तासभर उशीर झालेला माणूस आज हेच क्रियापद वापरतो, आणि खरोखर मेलेल्यासाठी 'टु डेथ' असं शेपूट जोडावं लागतं.

'स्टार्व्हेशन' हे नाम तर अठराव्या शतकातलं. देशी धातूला लॅटिन वळणाचा प्रत्यय. अमेरिकी वसाहतींचा व्यापार रोखण्यावर 1775 मध्ये पार्लमेंटात चर्चा झाली, तीत हेन्री डंडास यांनी तो वापरला म्हणतात. त्यांना 'स्टार्व्हेशन डंडास' हे टोपणनाव चिकटलं. हेच डंडास 1793 ते 1801 हिंदुस्थानच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष होते!

अहवाल वाचताना या क्रियापदाची एक खोड लक्षात ठेवावी लागते. ते अकर्मक चालतं, सकर्मकही : लोक उपाशी मेले, किंवा कुणी त्यांना उपाशी मारलं. 1877 मध्ये रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराचं रोजचं धान्य 1 पौंडावर आणलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेने ते अपुरं असल्याचं सरकारला लिहून कळवलं. वाद कर्ता कोण याचाच होता. आपल्या 'उपासमारी'त कर्ता दिसत नसला, तरी 'मार' तरी उघड आहे.

इंग्रजी क्रियापदातून मरण गळायला काही शतकं लागली. कायद्यातून शब्द गाळणं त्यामानाने सोपं. महाराष्ट्राने 1963 मध्ये खास कायदा करून राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' काढला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी', म्हणजे टंचाई, घातली. नऊ वर्षांनी 1972 उजाडलं. मिलो ज्वारी आणि सुकडीच्या गोष्टी सांगताना आई अजून 'बहात्तरचा दुष्काळ' असंच म्हणते.