वऱ्हाडची राजधानी

राज्य कोणाचें, या प्रश्नापेक्षां राजधानी किती दूर, हा प्रश्न प्रजेला अधिक जाणवतो. सारा भरणाऱ्या कुणब्याची किंवा कापसाच्या व्यापाऱ्याची दाद जेथें लागावयाची, तें ठिकाण कोठें आहे यावर पुष्कळ कांहीं अवलंबून असतें. या दृष्टीनें वऱ्हाडचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

इमादशाहींत वऱ्हाडची राजधानी वऱ्हाडांतच, अचलपुरास होती. १५७४ मध्यें अहमदनगरच्या निजामशाहीनें तें राज्य घेतलें, आणि तेव्हांपासून वरिष्ठ सत्ता बाहेरची झाली. १८५३ च्या तहान्वयें हैदराबादच्या निजामानें आपल्यासाठीं ठेवलेल्या फौजेच्या खर्चापोटीं हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यांत दिला, व त्याच्या कारभाराचीं सूत्रें हैदराबादच्या रेसिडेंटाकडे गेलीं. १९०२ मध्यें सालीना २५ लक्ष रुपयांवर तो कायमच्या पट्ट्यानें घेण्यांत आला आणि १९०३ मध्यें मध्यप्रांताला जोडला गेला. राजधानी नागपूर झाली. अमरावतीस कमिशनरची कचेरी राहिली.

धनीपण मात्र कागदोपत्रीं निजामाचेंच होतें. त्यामुळें १९१९ च्या कायद्याखालीं वऱ्हाडच्या मतदारांनीं निवडलेल्या सभासदांचीहि सरकारला रीतसर नेमणूक करावी लागे. त्यांतच काळ्या जमिनीचा भरघोस सारा नागपुरच्या तिजोरींत जातो आणि त्या मानानें परत येत नाहीं, ही तक्रार वाढत गेली. १९३८ मध्यें नागपुरच्या कायदेमंडळानेंच वेगळ्या विदर्भाचा ठराव संमत केला.

दुसरीकडे १९४६ मध्यें बेळगांवच्या साहित्य-संमेलनांत संयुक्त महाराष्ट्राची मागणी झाली. भाषा एक, मग राज्य वेगळें कां, हा प्रश्न बिनतोड होता. आणि राज्य एक झाल्यावर आमचा निर्णय कोठें व्हावयाचा, हा वऱ्हाडचा प्रश्नहि तितकाच रास्त होता. दोहोंचा मेळ घालण्याचा यत्न ८ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या अवघ्या आठवडाभर आधीं, अकोल्यास झाला. शंकरराव देव, अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आदि पुढाऱ्यांनीं ठरविलें कीं, संयुक्त महाराष्ट्रांत पश्चिम महाराष्ट्र व महाविदर्भ असे दोन उपप्रांत असावेत आणि प्रत्येकाचें कायदेमंडळ व मंत्रिमंडळ स्वतंत्र असावें. तें न साधल्यास महाविदर्भाचा वेगळा प्रांत मागावा.

सहा वर्षांनीं, २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारांत, हीं स्वतंत्र मंडळें उरलीं नाहींत. लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च, नोकऱ्या व उच्च शिक्षणाच्या सोयी, नागपुरास उच्च न्यायालयाचें पीठ, आणि वर्षांतून कांहीं काळ सरकारचा व निदान एका अधिवेशनाचा तेथें मुक्काम, एवढीं आश्वासनें मिळालीं. १९५५ मध्यें राज्यपुनर्रचना आयोगानें स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. ती स्वीकारली गेली नाहीं. १९५६ मध्यें विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत गेला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्रांत आला. राजधानी मुंबई झाली.

नागपुरच्या हिवाळी अधिवेशनाची प्रथा आजहि चालू आहे. वेगळें राज्य झालें असतें तरी राजधानी नागपुरासच गेली असती, अमरावतीस किंवा अकोल्यास नव्हे, हेंहि विसरूं नये. तथापि अकोल्याच्या करारानें कायमच्या कायदेमंडळाचा हक्क मागितला होता, आणि हातीं आला तो वर्षांतील कांहीं दिवसांचा मुक्काम. एका भाषेच्या राज्यांत दूरच्या जिल्ह्याचा शब्द कसा चालावा, हा अकोल्यास निघालेला प्रश्न म्हणूनच जुना झालेला नाहीं.